पडद्यावरची जुनी ब्रिटिश लिमोझिन ओळखायची कशी?

ब्रिटिश सिनेमात हवेलीच्या पायऱ्यांसमोर लांबलचक काळी गाडी येऊन थांबली की बहुतेक जण ‘रोल्स-रॉइस’ म्हणून मोकळे होतात. ती बरेचदा डेमलर असते, नाहीतर व्हॅन्डन प्लास प्रिन्सेस. या गाड्यांवर कारागिरांनी इतके कष्ट घेतले आहेत की त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने ओळखायलाच हवं.

सुरुवातीला, गाडी बाजूने पूर्ण दिसेल तिथे दृश्य थांबवा. ड्रायव्हर आणि मागचे प्रवासी यांच्यामध्ये काचेचा पडदा आहे का, ते बघा. लिमोझिनची ही मुख्य खूण. बहुधा प्रत्येक बाजूला तीन काचा असतात आणि मागच्या सीटपुढे घडीच्या जादा सीट. ड्रायव्हरच्या डोक्यावरचं छत उघडता येत असेल तर तो सेडान्का द व्हिल. मागच्या प्रवाशांवरचं कापडी छत मागे पाडता येत असेल तर लँडोलेट.

मग समोरची जाळी. रोल्स-रॉइसची जाळी ग्रीक मंदिराच्या दर्शनी भागासारखी, उभी आणि धारदार कोपऱ्यांची. बेंटलीची वरून गोलसर. डेमलरच्या जाळीच्या वरच्या क्रोम पट्टीवर उभ्या पन्हळी असतात, आणि ही खूण दुरूनही लपत नाही. जाळीवरच्या पुतळीवर मात्र एवढा भरवसा ठेवू नका, कारण ती बदलता येते. रोल्सची ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’ शिल्पकार चार्ल्स साइक्स यांची, 1911 पासूनची. पण राणी एलिझाबेथ यांच्या शाही समारंभांच्या रोल्सवर त्याऐवजी ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज बसवला जाई आणि त्या गाडीला नंबरप्लेटच नसे. आर्मस्ट्राँग सिडली या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या गाड्यांवर स्फिंक्स दिसतो.

सर्वाधिक गोंधळ होतो तो तीन गाड्यांत, म्हणून इथे जरा थांबू. डेमलर डीएस420 ही 1968 ते 1992 या काळात बनली. तिचा पाया जॅग्वार 420जीचा आणि इंजिन जॅग्वारचं 4.2 लिटरचं. पुढे चार दिवे, त्यांतले बाहेरचे दोन मोठे. लग्नांत आणि अंत्ययात्रांत ब्रिटनमध्ये हीच गाडी सर्रास दिसायची. व्हॅन्डन प्लास प्रिन्सेस (आधीची ऑस्टिन प्रिन्सेस) त्याआधीची: पुढे दोनच दिवे, चार लिटरचं इंजिन, 1968 पर्यंत उत्पादन. रोल्स-रॉइस फँटम फाइव्ह 1959 साली आली. तिची लांबी सहा मीटरच्या आसपास, इंजिन व्ही8. आधी तिला दोन दिवे होते, 1963 च्या सुमारास चार झाले. कथा 1955 ची आणि गाडी डीएस420 असेल, तर ती गाडी त्या काळातली नाही, हे ठामपणे सांगता येतं.

काळ ठरवायला नंबरप्लेटही उपयोगी पडते. 1963 पासून ब्रिटिश नंबरांच्या शेवटी वर्षाचं अक्षर येऊ लागलं: 1964 ला ‘बी’, 1965 ला ‘सी’. 1973 पासून नव्या गाड्यांना पुढे पांढरी आणि मागे पिवळी चकाकणारी प्लेट सक्तीची झाली. त्याआधी बहुतेक गाड्यांवर काळ्या पाटीवर पांढरी किंवा चंदेरी अक्षरं असत. पण पडद्यावरची प्लेट खोटीही असू शकते. ‘गोल्डफिंगर’ (1964) या बाँडपटातल्या खलनायकाच्या रोल्सवर ‘एयू 1’ लिहिलेलं आहे. ‘एयू’ हे सोन्याचं रासायनिक चिन्ह, म्हणजे ती प्लेट कथेची गरज होती. तिच्यावरून गाडीचं साल काढायला जाल तर फसाल. गाडी 1937 ची फँटम थ्री आहे, सेडान्का द व्हिल, आणि बॉडी बार्करची.

बॉडी कोणाची, या शेवटच्या माहितीकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, आणि मला तरी सगळ्यात मोलाची तीच वाटते. जुन्या काळी रोल्स-रॉइस फक्त चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि इंजिन विकायची. बॉडी दुसरीकडे बांधून घ्यावी लागे: बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड, एच. जे. म्युलिनर, जेम्स यंग, थ्रप अँड मेबरली. एकाच चासीवर दोन घराण्यांच्या बॉड्या अगदी निराळ्या दिसतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हूपरच्या बऱ्याच गाड्यांत काचांखालची रेघ पुढून मागे उतरत जाते आणि मागची चाकं पत्र्याने झाकलेली असतात. दरवाजा उघडा असलेला शॉट मिळाला तर उंबऱ्यापाशी बॉडी बांधणाऱ्याची छोटी पाटी शोधा.

शोध संपला की उत्तर या क्रमाने लिहा: वर्ष, कंपनी, मॉडेल, बॉडीचा प्रकार, बॉडी कोणाची. यातलं जे चित्रात दिसत नाही, तिथे जागा मोकळी ठेवा. दुसऱ्या दृश्यात गाडी वेगळ्या बाजूने दिसली की ती भरता येते.