बे विंडोजवळचा तडा बुजवण्याआधी पेन्सिलीच्या दोन खुणा

जुन्या घरात बे विंडोच्या (भिंतीबाहेर पुढे आलेल्या खिडकीच्या) कोपऱ्यातला तडा कितीदा पुट्टीने भरला, तरी पुन्हा उघडतो. खिडकीचा पुढे आलेला भाग आणि मूळ भिंत वेगवेगळी हलतात, आणि कडक पुट्टीला ती हालचाल सोसत नाही.

१. तड्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक ठिपका देऊन त्यांतलं अंतर मोजा. महिन्यातून एकदा, निदान सहा महिने; ओला आणि कोरडा असे दोन्ही काळ त्यात यायलाच हवेत.

२. अंतर तेवढंच राहिलं, तर तडा ५-६ मिमी रुंद उकरा, धूळ झाडा, किंचित ओलसर करा आणि फिलर (पुट्टीसारखा भराव) दोन थरांत भरा.

३. मिलिमीटरभर उघडमीट होत असेल, तर फिलर नको. रंग बसेल असं ॲक्रिलिक सीलंट (ताणलं जाणारं, लवचिक भरण) वापरा. खोल फटीत आधी फोमची दोरी दाबून बसवा, म्हणजे सीलंट फक्त दोन कडांना चिकटतं आणि ताण सोसतं. तळालाही चिकटलं की मधूनच फाटतं. ही दोरी बरेचजण वगळतात, आणि काम तिथेच फसतं.

बे विंडोच्या छपराचा सांधा गळत असेल तर तो आधी दुरुस्त करा.

सावधान: तडा ५ मिमीहून रुंद असेल, वाढत असेल किंवा झडपा अडकू लागल्या असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. जुन्या लाकडी चौकटी बऱ्याचदा वरचं वजन पेलत असतात. टेकू दिल्याशिवाय चौकट काढू नका.