नागानाची तपासणी: या चुका टाळा

सहाराच्या दक्षिणेकडे गाय खंगली, ताप येऊन-जाऊन राहिला, लसिका गाठी सुजल्या की पहिला संशय नागाना या गुरांच्या रोगावर. रक्त पिणाऱ्या त्सेत्से माशीतून शिरणारे ट्रिपॅनोसोमा हे एकपेशीय जंतू त्याचं कारण. ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी झुलुलँडमध्ये (आजच्या दक्षिण आफ्रिकेत) 1895 च्या सुमारास ते ओळखले. (आपल्याकडच्या सर्रा या जनावरांच्या रोगाचा जंतू याच कुळातला, फक्त त्याला त्सेत्से लागत नाही.) तरी निदान चुकतं, आणि बहुतेक वेळा ते रक्त घेतानाच.

सगळ्यात महागात पडते ती घाई: आधी डिमिनाझिन हे नागानावरचं औषध टोचायचं, मग रक्त काढायचं. औषधाने रक्तातले जंतू झटकन नाहीसे होतात, आणि रिपोर्ट येतो ‘निगेटिव्ह’. आधी रक्त, मग सुई.

मानेच्या मोठ्या शिरेतूनच रक्त घेण्याची सवयही नडते. काँगोलेन्स ही ट्रिपॅनोसोमाची एक जात बारीक केशवाहिन्यांत दडते, म्हणून कानाच्या कडेला टोचून केशनळी (काचेची बारीक नळी) भरावी. नमुना गार ठेवून काही तासांतच पाहावा. उन्हात जीपच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या नळीत मेलेले जंतू हलत नाहीत, आणि न हलणारा जंतू ताज्या थेंबात दिसणं कठीण.

केशनळी सेंट्रिफ्यूज यंत्रात मिनिटाला 12,000 फेऱ्यांनी 5 मिनिटं फिरवली की तांबड्या पेशींवर पांढुरका थर बसतो. नळी नेमकी त्या थराशी कापली तर काँगोलेन्स निसटतो, कारण तो तांबड्या पेशींच्या वरच्या भागातही असतो. थराच्या साधारण 1 मिलिमीटर खाली कापा आणि थेंब काचपट्टीवर घ्या. ट्रिपॅनोसोमाच्या जाती हालचालीवरून ओळखता येतात: व्हायव्हॅक्स सरसर पळतो, ब्रुसी एका जागी वळवळतो, काँगोलेन्स सुस्त, पेशीला चिकटून. जात पक्की करायला मात्र गिम्सा या रंगाने रंगवलेली रक्ताची पातळ फिल्मच हवी.

जंतूंची संख्या रक्तात कमी-जास्त होत राहते, त्यामुळे एका निगेटिव्ह थेंबावर जनावर मोकळं करू नये. तांबड्या पेशींचं प्रमाण 24 टक्क्यांखाली असेल तर पुन्हा तपासा. पण गोचिडांचे आजार, पोटातले जंत, उपासमार यांनीही रक्त कमी होतं. उलट पश्चिम आफ्रिकेतली एन्डामा गाय जंतू बाळगूनही बऱ्यापैकी ठणठणीत दिसते.

अँटिबॉडीची चाचणी कळपाच्या पाहणीला ठीक. जनावर बरं झाल्यावरही ती काही महिने पॉझिटिव्ह येते, तेव्हा तिच्यावरून इंजेक्शन ठरवू नका. डोसही अंदाजाने नको: डिमिनाझिन किलोमागे 3.5 मिलिग्रॅम. काटा नसेल तर छातीचा घेर टेपने मोजून वजन काढा. कमी डोसातून वाचलेले जंतूच पुढे औषधाला दाद देत नाहीत.