'आहे' या क्रियापदाचा माग: सोळाव्या शतकातला धर्मविचार सीमेपार कसा गेला, हे कसं शोधावं

माझी सगळी नोकरी टपाल वर्गीकरणात गेली. दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही, पण पाकीट उलटसुलट करून बघायचं: कुठून निघालं, कुठल्या थैलीतून आलं, कुठे अडकलं, कोणी परत धाडलं. निवृत्तीनंतर युरोपातल्या धर्मसुधारणेचा नाद लागला, तेव्हा ही खोडच उपयोगी पडली. या सुधारणेला तोंड फोडणारा जर्मन धर्मपंडित लूथर काय म्हणाला हे सांगणारे पुष्कळ आहेत. कोणाचं म्हणणं कोणी, कुठून, कसं पोचवलं हे स्वतः शोधायचं असेल, तर माझी पद्धत अशी.

आधी माल छोटा घ्या. 'लूथरचे विचार इंग्लंडात कसे गेले' असा प्रश्न घेऊन बसलात तर जन्म पुरणार नाही. एक वाक्य घ्या, जमलं तर एकच शब्द. मी 'आहे' घेतला.

शेवटच्या भोजनाच्या वेळी ख्रिस्त भाकर हाती घेऊन म्हणतो, "हे माझे शरीर आहे." लॅटिनमध्ये चार शब्द, योगायोगाने मराठीतही चारच. या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये होणाऱ्या प्रभुभोजनाच्या विधीत भाकरीचं तत्त्व पालटून तिचं शरीर होतं, ही रोमची शिकवण लूथरने नाकारली. पण ख्रिस्ताचं शरीर तिथे खरोखर असतं, हे त्याने कधी सोडलं नाही. ज्यांना तेही पटेना, त्यांनी वाक्य अलंकारिक ठरवलं किंवा त्याचा रोखच बदलला. मग प्रश्न आला, मेख नेमकी कुठल्या शब्दात? लूथरचा एकेकाळचा सहकारी कार्लस्टाट याने 'हे' धरला: ख्रिस्ताने तेव्हा भाकरीकडे नव्हे, स्वतःच्या अंगाकडे बोट दाखवलं. बाझलच्या इकोलांपाडियसने 'शरीर' धरला: शरीर म्हणजे शरीराची खूण. झुरिचच्या त्स्विंग्लीने 'आहे' धरला: आहे म्हणजे 'सूचित करते'. त्या काळातली अनोळखी पत्रिका हाती आली की मी आधी लेखकाचं बोट कुठल्या शब्दावर आहे ते पाहतो. टपालाच्या शिक्क्यासारखंच आहे ते. गाव लगेच कळतं असं नाही, पण दिशा कळते.

आता वहीत पाच रकाने आखा: लिहिणारा, नेणारा, छापणारा, वाचणारा आणि परत करणारा. पाचवा रकाना लोक विसरतात. आमच्याकडे 'घेण्यास नकार' असा शेरा मारलेलं पाकीट सर्वांत बोलकं असायचं.

त्स्विंग्लीचा 'आहे' उलट दिशेने मागे न्या. तो स्वतः सांगतो की वाक्यात अलंकार आहे असं त्याला आधीच वाटत होतं, फक्त कुठल्या शब्दात ते सापडत नव्हतं. ते दाखवलं एका पत्राने. लिहिणारा होता द हेगच्या न्यायालयातला वकील कॉर्नेलिस हून. त्याच्या पत्रात एक सुरेख दाखला आहे: वर वधूला अंगठी देतो तशी ही भाकर. अंगठी म्हणजे काही नवरा नव्हे, पण तो आपला झाल्याची ती खूण. नेणारा होता हिन्ने रोडे, उत्रेख्तच्या शाळेचा प्रमुख. हून १५२४ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी पत्र छापून आलं.

त्या छापील पत्राचं शीर्षक जरूर वाचा. हे पत्र चार वर्षांपूर्वी हॉलंडहून एका अशा माणसाकडे पाठवलं होतं, ज्याच्यापाशी पवित्र शास्त्राबद्दलचा सगळा निवाडा होता, पण त्याने ते झिडकारलं, अशा अर्थाचा मजकूर शीर्षकातच आहे. टोमणा लूथरला आहे, असंच सर्वसाधारणपणे मानतात. परत करणाऱ्याच्या रकान्यात मी लूथरचं नाव लिहिलं, पण पेन्सिलीने. शीर्षकात नाव छापलेलं नाही. रोडे झुरिचला पोचला हे त्स्विंग्लीच सांगतो, ते शाईने. हा भेद पहिल्या दिवसापासून पाळा. नाहीतर सहा महिन्यांनी आपलाच अंदाज आपल्याला पुरावा वाटायला लागतो.

साम्य दिसलं की उसनवारी झाली, असंही धरू नका. हूनच्या आधीच्या पिढीतला डच धर्मचिंतक वेसेल गान्सफोर्ट १४८९ मध्ये वारला. त्याचं लिखाण लूथरच्या हाती आलं तेव्हा १५२२ मध्ये तो लिहून गेला की हे मी आधी वाचलं असतं, तर माझे शत्रू म्हणाले असते, लूथरने सगळं वेसेलकडूनच उचललं. म्हणजे खुद्द लूथर बजावतो आहे.

छापखान्यांच्या बाबतीत भोळेपणा नको. नफा हाही वाहकच. बाझलचा मुद्रक फ्रोबेन याने १५१९ मध्ये लूथरला कळवलं की तुमच्या पुस्तकाच्या ६०० प्रती फ्रान्स आणि स्पेनला गेल्या. वसंतात आणि शरदात भरणाऱ्या फ्रँकफुर्टच्या जत्रेला व्यापारी जात, त्यांच्या गाठोड्यांतून पुस्तकंही जात आणि पत्रंही. पत्रांच्या तारखा मांडून पाहा, जत्रेच्या आसपास गर्दी दिसली तर नवल वाटायला नको.

मुखपृष्ठ मात्र खोटं बोलतं. बायबल इंग्रजीत आणणाऱ्या टिंडलची काही इंग्रजी पुस्तकं 'मारबुर्गचा हान्स लुफ्ट' या नावाने निघाली. खरा लुफ्ट विटेनबर्गचा, लूथरचं बायबल छापणारा. ही पुस्तकं छापली गेली अँटवर्पात. लेखकांचीही तीच तऱ्हा. स्ट्रासबुर्गचा धर्मसुधारक बूत्सर याने स्तोत्रांवरचं भाष्य 'अरेतियुस फेलिनुस' या नावाने काढलं. लूथरचा सहकारी मेलांख्थोन याचा ग्रंथ इटालियनमध्ये आला तो 'इप्पोफिलो दा तेर्रा नेग्रा' हे नाव घेऊन. तेर्रा नेग्रा म्हणजे काळी माती, आणि मेलांख्थोन हे ग्रीक नावही तेच सांगतं! अनोळखी नाव दिसलं की त्याचं भाषांतर करून बघायचं.

तारखांत माझी फजिती झाली आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा वर्ष २५ मार्चला पालटायचं. फेब्रुवारीचं एक पत्र मी वर्षभर आधीचं समजलो आणि त्यावर आठ पानं लिहून बसलो. ते ज्या पत्राला उत्तर होतं, त्याच्याही आधी ते लिहिलेलं दिसलं, तेव्हा डोळे उघडले. जानेवारी ते मार्चच्या इंग्रजी पत्रावर आधी प्रश्नचिन्ह टाका आणि मजकुरातल्या एखाद्या घटनेवरून वर्ष ठरवा. १५८२ नंतर आणखी एक घोळ आहे: कॅथलिक देशांनी नवी दिनदर्शिका घेतली, बहुतेक प्रोटेस्टंट मुलखांनी नाही, त्यामुळे १० दिवसांचा फरक पडतो.

पत्रं मिळतात कुठे? त्स्विंग्लीनंतर झुरिचची धुरा सांभाळणाऱ्या बुलिंगरचा संग्रह आधी उघडा. सुमारे १२,००० पत्रं उरली आहेत, त्यातली १०,००० च्या आसपास त्याला आलेली. बरीच आता संगणकावर पाहता येतात. पण संग्रह जपला गेला म्हणून झुरिच जगाचं केंद्र ठरत नाही. ज्यांची पत्रं जळाली किंवा ज्यांनी भीतीने स्वतःच फाडली, त्यांचा आवाज इथे आपोआप बारीक होतो.

कधी पत्र नसतंच, माणूसच पाकीट असतो. इटलीतून १५४२ मध्ये निसटलेला पीटर मार्टिर व्हेरमिली स्ट्रासबुर्गला गेला, तिथून १५४७ मध्ये इंग्लंडला. ऑक्सफर्डला तो शिकवत होता आणि १५४९ मध्ये तिथे प्रभुभोजनावरच वादसभा झाली. त्याच वर्षी बूत्सर केंब्रिजला आला. पोलंडचा यान वास्की १५५० मध्ये लंडनमधल्या परदेशी प्रोटेस्टंटांच्या चर्चचा प्रमुख झाला. तिघांचं इंग्लंडात असणं शाईने, कोणी कोणाला काय पटवलं ते बहुतेक पेन्सिलीने.

एवढं झालं की पोच तपासा. ती बघायची सामान्य माणसाच्या कानावर पडणाऱ्या शब्दांत. इंग्लंडच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात भाकर देताना पाळक म्हणतो, 'आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताचे शरीर'. १५५२ च्या पुस्तकात त्या जागी 'ख्रिस्त तुझ्यासाठी मरण पावला याच्या स्मरणार्थ हे घे आणि खा' अशा आशयाचं वाक्य आहे, शरीर गायब. हूनचं 'सूचित करते' इथवर पोचलं का? नोंद मी पेन्सिलीनेच ठेवली आहे, आणि तिच्याखाली एलिझाबेथ राणीचं १५५९ चं पुस्तक. त्यात दोन्ही वाक्यं एकामागे एक जोडून दिली आहेत.