इंदूरहून विमानाला खरा वेळ किती लागतो?

इंदूर ते मुंबई हवाई अंतर साधारण 505 किलोमीटर, पुणे जवळपास 500, दिल्ली 660च्या आसपास. नकाशावरची ही सरळ रेषा; रस्त्याने मुंबई 580च्या पुढे जाते. वेळेचा अंदाज घरच्या घरी काढता येतो: किलोमीटरला 800ने भागा आणि अर्धा तास मिळवा. तो अर्धा तास धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यात जातो. मुंबईसाठी उत्तर येतं सुमारे 1 तास 8 मिनिटं.

तिकिटावर मात्र सव्वा ते दीड तास दिसेल, आणि तेच धरून चला. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात असते. गर्दीत विमान वर घिरट्या घालत राहतं. पुढची रेल्वे किंवा दुसरं विमान पकडायचं असेल तर हातात तीन तास ठेवाच.

शारजाहच्या तिकिटावर बरेच जण फसतात. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि शारजाह दीड तास मागे आहे. समजा, सुटण्याची वेळ 12:30 आणि पोचण्याची 14:00 छापली असेल, तर प्रवास दीड नव्हे, तीन तासांचा. हिवाळ्यात वरचे पश्चिमी वारे जोरात असतात, त्यामुळे जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी.

देशांतर्गत उड्डाणाला सामानाचा काउंटर बहुधा 60 मिनिटं आधी बंद होतो. इंदूरच्या विजयनगर भागाकडून निघणाऱ्यांनी वाटेतली गर्दी त्याआधीच्या वेळात धरावी.