मातीचा सदरा करताना या चुका टाळा

खुंटीवर टांगलेला आजोबांचा सदरा स्टोनवेअरमध्ये, म्हणजे भाजल्यावर दगडासारखी घट्ट होणाऱ्या मातीत करायचा, असं मी ठरवलं आणि पहिले दोन सदरे भट्टीतच फुटले. तेव्हा वाटलं, माती जाड झाली. खरं कारण ओल होतं.

कपड्याच्या चुण्या एकमेकींवर दाबल्या की आतली पोकळी बंद होते. वरून माती पांढुरकी, खडखडीत दिसते, आत मात्र पाणी असतं. 100 अंशांला त्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. म्हणून प्रत्येक बंद घडीला आतल्या बाजूने टाचणीने भोक पाडा. भट्टी लावण्याआधी तुकडा गालाला लावून बघा. गार लागला तर अजून दोन दिवस थांबा. पावसाळ्यात आठवडासुद्धा लागतो. मग रात्रभर भट्टी 90 अंशांच्या आसपास ठेवा आणि सकाळी तापमान चढवा.

पण वाळवायची घाई म्हणून पंख्याखाली ठेवू नका. कॉलरचं टोक आणि बाहीची कड आधी वाळतात, आखडतात आणि शिवणीपाशी तडा जातो. पातळ कडा प्लास्टिकने झाका, जाड भाग उघडा ठेवा.

दुसरी चूक घडी घालायच्या वेळेची. लाटल्या लाटल्या उचललेली मातीची पोळी ओल्या फडक्यासारखी लोंबते, चुणी पडते आणि बसते. उशीर केला तर वाकवताच बाहेरच्या बाजूला बारीक भेगा उमटतात. बोटाला चिकटत नाही पण वाकते, ती वेळ साधा. मातीत भिजवलेल्या कागदाचा लगदा मिसळला तर ही वेळ बरीच लांबते. शिल्पकार मॅरिलिन लेव्हिन यांनी चामड्याची जाकिटं आणि बॅगा हुबेहूब मातीत उतरवल्या, त्या मातीत नायलॉनचे तंतू मिसळत.

आधाराला लाकूड किंवा तार? नको. माती आकसते, लाकूड आकसत नाही. वर्तमानपत्राचे बोळे भरा, ते दबतात. आकसण्याचा हिशोब आधी करा: 12 टक्के धरले तर 50 सेंटीमीटरचा सदरा 44 वर येतो. माझ्या एका सदऱ्यात मी भाजलेली बटणं कच्च्या मातीत बसवली होती. प्रत्येक बटणाभोवती चांदणीसारखी भेग. बटणं त्याच मातीची, त्याच ओलीची करा.

लेस हवी असेल तर सुतीच घ्या. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या पोर्सेलीन बाहुल्यांचे झगे असेच होतात: लेस स्लिपमध्ये, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पातळ मातीत बुडवायची, धागा जळून जातो, मातीची जाळी उरते. नायलॉनवर स्लिप नीट मुरत नाही. एकाच पातळ हातावर भागवलं तर भट्टीतून चुरा निघतो. धागा जळताना धूर होतो, खिडक्या उघड्या ठेवा.

ग्लेझबद्दल, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. चकचकीत जाड ग्लेझ म्हणजे सदऱ्यावर ओतलेला पाक. खणाचं कापड दाबून उठवलेली वीण त्याखाली बुजते. आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून फासा, ओल्या स्पंजाने पुसा; रंग फक्त विणीच्या खाचांत राहतो.

आणि चुण्या कमी घाला. नवशिका सगळीकडे लाटा उठवतो. कापड जिथे अडकतं तिथून ताण निघतो: खुंटीपासून खांद्याकडे, काखेतून छातीकडे. खाली कड सरळ लोंबते. खरा सदरा खुंटीवर अडकवून समोर ठेवा आणि तोच बघत काम करा. माझा तिसरा सदरा असाच झाला. फक्त कॉलर थोडी वाकडी आहे, आजोबांचीही असायची.