गॉथ मासिकाचं मुखपृष्ठ: कवटी नको, काळा रंग सांभाळा

गॉथ, म्हणजे काळे कपडे आणि उदास संगीत यांत रमणारी मंडळी. त्यांच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर काय घालावं, विचारलं की ठरलेला सल्ला मिळतो: कवटी, वटवाघूळ आणि रक्त ओघळणारी अक्षरं. हा सल्ला देणाऱ्याने गॉथ माणूस फक्त हॅलोविनच्या दुकानात पाहिलेला असतो. असा अंक बाहेरचे गंमत म्हणून उचलतात, आतले खाली ठेवतात. जर्मनीतल्या लाइपझिगला १९९२पासून पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत भरणाऱ्या वेव्ह-गोटिक-ट्रेफेन या गॉथ मेळाव्याला आमचा छोटा अंक घेऊन बसते, तेव्हा दरवर्षी हेच बघते.

फोटो: एक चेहरा, कृष्णधवल, एका बाजूने उजेड. न्यूयॉर्कच्या फ्रेड बर्गर यांनी १९८२मध्ये सुरू केलेलं 'प्रोपगंडा' हे गॉथ नियतकालिक बघा. त्यातल्या फोटोंत मुलगा की मुलगी ते चटकन ठरवता येत नाही. मॉडेल भाड्याने आणू नका. काजळ रोजचं की आजच कुणी लावून दिलेलं, हे आपल्या वाचकाला लगेच कळतं.

अक्षर: काटेरी गोथिक वळण म्हणजेच गॉथ, असं नाही. बाउहाउस या इंग्लिश गॉथ बँडची खूण म्हणजे ऑस्कर श्लेमरने १९२२मध्ये त्याच नावाच्या जर्मन कलाशाळेसाठी काढलेला सरळ रेषांचा चेहरा. त्यात एक काटा नाही, तरी टी-शर्टवर दिसला की लांबून मान डोलते. जर्मनीत विकणार असाल तर रून या प्राचीन जर्मानिक लिपीच्या नक्षीपासून लांब राहा. भलत्याच, नव-नाझी राजकारणाचे लोक येऊन चिकटतात.

मजकूर: बँडची नावं, बाकी काही नाही. 'गॉथ म्हणजे काय?' हे मुखपृष्ठावर विचारणारा अंक गॉथांसाठी नसतोच.

आता काळा. इथे मी दोन अंक वाया घालवले आहेत. वीस वर्षं काळं नेसणाऱ्यांना काळ्याचे दहा प्रकार दिसतात. आईच्या चंद्रकळेचा काळा आणि छत्रीचा काळा एक नसतो, तसंच. नुसती १०० टक्के काळी शाई मोठ्या पृष्ठभागावर धुतलेल्या कापडासारखी राखाडी दिसते. म्हणून पहिल्या खेपेला मी छपाईच्या चारही शाया (निळसर सायन, गुलाबी मजेंटा, पिवळा, काळा) शंभर-शंभर टक्के लावल्या. शाई वाळेना, प्रत्येक पानाचा डाग वरच्या पानाच्या पाठीवर. आता माझं ठरलेलं प्रमाण: सायन ६०, मजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १००. गुळगुळीत आर्ट पेपरवर चारही टक्क्यांची बेरीज साधारण ३००च्या आत ठेवायची. साध्या कागदावर त्याहून कमी, आणि छापखान्याला विचारूनच.

दुसरा अंक गेला तो पांढऱ्या नावापायी. केसासारखी बारीक अक्षरं काळ्यातून कोरली होती. एका शाईची प्लेट जरा सरकली आणि कडेला गुलाबी-निळी झालर आली. शोकाकुल चेहऱ्यावर दिवाळीचं तोरण! तेव्हापासून अक्षर जाडच घेते आणि त्याच्या कडेने अर्ध्या पॉइंटची फक्त काळ्या शाईची रेघ ठेवते. बाकीच्या तीन शाया तिच्याबाहेर थांबल्या की झालर दिसत नाही.

स्क्रीनवरच्या काळ्यावर भरवसा ठेवू नका. त्याच कागदावर प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना मागा, खिडकीपाशी नेऊन बघा.

हात खुला असेल तर मॅट लॅमिनेशन (बिनचमकीचा प्लास्टिकचा थर) करून त्यावर नाव नुसत्या स्पॉट यूव्हीने, म्हणजे हव्या तेवढ्याच जागी लावायच्या चकचकीत वार्निशने छापा. काळ्यावर काळं. अंक कलता धरल्याशिवाय नाव वाचता येत नाही, आणि टेबलापाशी येऊन जो न सांगता कलता धरतो, तो आपला. वितरक हमखास कुरकुरतो: लांबून नाव दिसत नाही म्हणून. त्याला कुरकुरू द्या.

घडी घालण्याआधी क्रीज (घडीच्या रेषेवर दाबाची खाच) मारायला सांगा, नाहीतर कण्यावर पांढरी भेग पडते. मॅटवर बोटांचे ठसे उठतात. दाखवायचा एक अंक वेगळा ठेवा, बाकी गठ्ठा बांधलेलाच राहू दे.