३डी६+२ वाचताना होणाऱ्या या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स (आपलं पात्र घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळायला नवीन कोणी बसलं की रूल्सपेक्षा जास्त अडतं ते कॅरेक्टर शीटवरच्या, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावरच्या, २डी६+३ या लिखाणावर. खरंतर सोपं आहे, डी च्या आधीचा आकडा म्हणजे फासे किती आणि नंतरचा म्हणजे एका फाशाला बाजू किती, आणि शेवटचा +३ हा सगळी बेरीज झाल्यावर एकदाच मिळवायचा. प्रत्येक फाशाला +३ धरला की डॅमेज, म्हणजे वाराने होणारी इजा, उगाच फुगतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे २डी६ ला एकच फासा टाकून दुप्पट करणे. दोन्हीची रेंज २ ते १२ आणि सरासरीही ७ च, म्हणून लोकांना वाटतं काय फरक पडतो. पण दुप्पट केलं तर ७ कधी पडणारच नाही, फक्त सम आकडे येतात, आणि खरे दोन फासे टाकले तर ७ हाच सगळ्यात जास्त वेळा पडतो, ३६ पैकी ६ वेळा. तसंच १डी१२ म्हणजे २डी६ नव्हे. ग्रेटॲक्स या कुऱ्हाडीचा १डी१२ बारातून एकदा १२ देतो, ग्रेटसोर्ड या तलवारीचा २डी६ छत्तीसातून एकदा, पण ग्रेटसोर्डवर १ डॅमेज कधी येत नाही. मला स्वतःला ग्रेटसोर्डच आवडते, भरवशाची वाटते.

क्रिटिकल हिटला (वीस बाजूंच्या फाशावर २० पडून बसलेला वार) खेळाच्या पाचव्या एडिशनमध्ये फासे दुप्पट होतात, मॉडिफायर, म्हणजे शेवटचा +३, नाही. म्हणजे २डी६+३ चं ४डी६+३ होतं, +६ नाही.

डी१०० साठी दोन दहा बाजूंचे फासे घेतात, एक दशकाचा एक एककाचा, पण कुठला कुठला ते टाकायच्या आधी ठरवा, नंतर नाही, नाहीतर हमखास वाद होतो. ७० आणि ० म्हणजे ७०, ०० आणि ५ म्हणजे ५, फक्त ०० आणि ० आलं तरच १००. डी६६ मात्र वेगळं प्रकरण, सहाचेच दोन फासे दशक-एकक म्हणून वाचायचे, ११ ते ६६, एकूण ३६ शक्यता. डी३ चा वेगळा फासा शोधत बसू नका, डी६ टाकून निम्मा करा आणि अर्धा आला तर वर न्या.

ऑनलाइन खेळताना ॲडव्हांटेज (वीसचे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा) आहे म्हणून लोक नुसतं २डी२० टाइप करतात आणि २७ वगैरे आकडा आला की गोंधळतात, कारण सॉफ्टवेअरने दोघांची बेरीज केलेली असते. रोल२० या ऑनलाइन खेळायच्या साइटवर २डी२०केएच१ (2d20kh1) लिहा, मोठा एक ठेव असा अर्थ, आणि डिसॲडव्हांटेजला, जिथे लहान घ्यायचा, केएल१ (kl1). ४डी६डी१ मधला दुसरा डी म्हणजे ड्रॉप, सगळ्यात लहान फासा काढून टाक. असा ॲबिलिटी स्कोअर (पात्राची ताकद, चपळाई वगैरेचा आकडा) सरासरी १२.२४ येतो, साध्या ३डी६ चा १०.५, त्यामुळे तो डी विसरलात तर चार फाशांची बेरीज होऊन २४ पर्यंतचा स्कोअर दिसेल.

१९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलसारख्या (राक्षस-प्राण्यांची माहिती देणारं पुस्तक) जुन्या पुस्तकांत बहुतेक ठिकाणी डी नाही, नुसती रेंज असते, २-१२ अशी. लहान आकड्याने मोठ्याला पूर्ण भाग गेला तर लहान आकडा म्हणजे बहुतेक फासे आणि भागाकार म्हणजे बाजू, म्हणून ३-१८ म्हणजे ३डी६. भाग जात नसेल, जसं २-७, तर मॉडिफायर आहे समजा, १डी६+१. पण ३-१२ ला ३डी४ पण बसतं आणि १डी१०+२ पण बसतं, तिथे डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, खेळ सुरू व्हायच्या आधीच एक ठरवून सगळ्यांना सांगावं.